शेवटची चकती

'फ्लीस' पबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर गुरुवारी दुपारी पेपरातल्या शब्दकोड्याचं उत्तर कुणी सांगायचं नसे. उत्तर आलं की गप्प बसायचं आणि आपल्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उलटी करून ठेवायची. तिघांच्याही चकत्या उलटल्या की मग तोंड उघडायचं, आणि तेही ज्याची चकती सगळ्यांत शेवटी उलटली त्यानंच. उत्तर त्यानं सांगायचं, ते कसं निघालं हेही त्यानंच समजावायचं. बाकीच्या दोघांनी ऐकायचं.

नियम ऑब्री हार्डकॅसलनं केला होता. तीसेक वर्षांपूर्वी नॉरिस टॅटरसॉल या टेबलावर नवा आला तेव्हा. नॉरिस बस चालवायचा, आवाज बसच्या इंजिनासारखा, पण कोड्यात हळू. इतरांनी फटाफट उत्तरं सांगितली की त्याचे कान लाल व्हायचे. ऑब्री दातांचा डॉक्टर. घाबरलेला माणूस कसा दिसतो हे त्याला लगेच कळायचं. दुसऱ्या गुरुवारी त्यानं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ज्याला आधी सुटतं त्याला आनंद मिळालेलाच असतो. बोलायचा मान शेवटच्याला देऊ या." तेव्हापासून मान नॉरिसकडे होता. त्याला तो आवडायचाही.

तिसरी ग्लेनिस प्रोबर्ट. औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेली, मूळची वेल्सची. ऐंशीच्या माणसालाही ती 'बाळा' म्हणायची.

ऑब्रीची बायको एनिड टेबलाशी असायची, पण खेळात नसायची. ऑब्रीची नजर अधू झाल्यापासून गाडी ती चालवायची. त्याला आणायचं, चहा मागवायचा आणि विणत बसायचं. गूढ शब्दकोड्यांचं तिला कधीच कौतुक वाटलं नव्हतं. "मला काही विचारायचं असेल तर सरळ विचारावं," असं ती म्हणायची. गुरुवारचं कोडं तर सगळ्यांत वाकडं. ते रचणारा 'साळिंदर' असं टोपणनाव लावायचा आणि हे तिघं त्याला शिव्या दिल्याशिवाय पहिला घोट घेत नसत.

"'हवामानाच्या शेवटी आखडते ती. दोन अक्षरं,'" नॉरिस वाचायचा. मग शांतता. ऑब्री कानाची पाळी खाजवायचा, नाकातून 'हुं' असा आवाज काढायचा आणि चकती उलटी करायचा. मग ग्लेनिस. मग बऱ्याच वेळानं नॉरिस टेबलावर थाप मारायचा. "मान! अरे, 'हवामान' या शब्दाच्याच शेवटी 'मान' आहे. आणि गारठ्यात आखडते तीही मानच. मेल्या साळिंदरा!" आणि मग दोघंही जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे माना डोलवायचे.

चकती उलटली म्हणजे उत्तर आलं. खरंच आलं का, असं कधी कुणी कुणाला विचारलं नाही.

वसंतातल्या एका गुरुवारी नॉरिसनं वाचलं, "'बिशपची छत्री गळू लागली, म्हणून स्वयंपाकघरात नाच. सहा अक्षरं.'"

ग्लासातला फेस बसायच्या आत ऑब्रीची चकती उलटली.

"आलं का तुला?" नॉरिस म्हणाला. "मी अजून बिशपपाशीच आहे."

"तो छत्रीखाली आहे, बाळा. पुढे चल," ग्लेनिस म्हणाली.

पण पुढे दोघांनाही जाता येईना. मटण भरून भाजलेल्या 'पाय' नावाच्या इंग्रजी पदार्थाची खुसखुशीत पारी मऊ पडली. नॉरिसनं बिशपचा टोप काढला, छत्रीची काडी काढली, स्वयंपाकघरातली सगळी भांडी मोजून झाली. ग्लेनिस पेपरच्या कडेला अक्षरं गोल मांडत बसली आणि खोडत बसली.

"ऑब्री, बाळा, एक धागा तरी दे."

"नियम म्हणजे नियम," ऑब्री हसून म्हणाला.

एनिडनं विणता विणता वर पाहिलं. तो हसत होता, पण त्याचा हात चकतीवर पालथा होता. वाऱ्यानं उडेल म्हणून कागद दाबून धरावा, तसा. आणि तिच्या लक्षात आलं की त्यानं कानाची पाळी खाजवली नव्हती. आजच नव्हे. बरेच दिवस खाजवली नव्हती.

त्या दिवशी कोडं अर्धवट ठेवून सगळे घरी गेले.

शुक्रवारी सकाळी ऑब्री अजून वर दाढी करत होता. एनिडनं टोस्टवर मोसंबीचा मुरंबा लावला आणि पेपर उघडला. कालच्या उत्तरांच्या खाली बारीक अक्षरांत चौकट होती. कालच्या कोड्यातल्या एका ओळीचा पहिला अर्धा भाग एका कोड्यातला आणि दुसरा अर्धा भाग भलत्याच कोड्यातला छापला गेला होता. त्या ओळीला काहीच उत्तर नव्हतं. वाचकांनी क्षमा करावी.

तिनं ती चौकट पुन्हा वाचली. मग टोस्ट खाली ठेवला.

एनिडनं जन्मभर लहान मुलांना वाचायला शिकवलं होतं. वाचता न येणारं मूल वर्गात कसं ओळखायचं हे नव्या शिक्षिकांना कळत नाही. त्यांना वाटतं, ते खिडकीबाहेर बघत असेल, चुळबुळ करत असेल. तसं नसतं. ते सगळ्यांत ताठ बसतं. पुस्तक नीट धरतं, ओळीवर बोट फिरवतं आणि पान उलटायची वेळ आली की बरोबर उलटतं. फक्त इतरांच्या किंचित आधी. कारण मागे राहणं त्याला परवडत नाही.

तिच्या पहिल्याच वर्गात क्लाइव्ह नावाचा असा एक मुलगा होता. त्याच्याकडे बघून पहिली टर्म तिला वाटत होतं की हा वर्गातला सगळ्यांत हुशार.

फोन वाजला. नॉरिस होता. एनिडनं त्याच्या दोन्ही मुलांना शिकवलं होतं, म्हणून तो तिला अजून 'बाई' म्हणायचा.

"बाई, पेपर बघितलात? अहो, ते कोडं चुकीचं होतं! आणि पठ्ठ्यानं तेही सोडवलं!"

"नॉरिस..."

"मी ग्लेनिसला म्हटलं, हे बघ, त्यानं काय केलं असेल, दोन्ही अर्धे सुटे केले असतील आणि दोन्हीकडची उत्तरं काढली असतील. सांगू नका हं! गुरुवारी त्याच्याच तोंडून ऐकायचंय. माझ्या नातीला घेऊन येतोय, टॅम्सिनला. तिला कोड्यांचं वेड लागलंय. म्हटलं, डोकं कशाला म्हणतात ते बघ एकदा."

"ग्लेनिस काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार! गप्पच बसली. हरलेलं सोसत नाही तिला."

एनिडनं फोन ठेवला तेव्हा ऑब्री स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. गालावर साबणाचा ठिपका राहिला होता. तिनं पेपर लपवला नाही. वर्गातल्या मुलांपासून तिनं कधी काही लपवलं नव्हतं, आणि लपवलेलं मुलांना आधी सापडतं हेही तिला माहीत होतं. पेपर तसाच उघडा राहू दिला आणि चहा ओतला.

ऑब्री बसला. चष्मा लावला. चौकट वाचली. मग त्यानं पेपरची घडी घातली. कोड्याची बाजू आत. हिवाळ्यापासून तो घडी अशीच घालतो, हेही तिला आत्ता आठवलं.

"घसा धरलाय जरा," तो म्हणाला. "गुरुवारी जमेलसं दिसत नाही."

"आज शुक्रवार आहे, ऑब्री."

"हो ना. आधीच कळवलेलं बरं."

 तिनं त्याच्या गालावरचा साबण पुसला.

शनिवारी त्यानं वाटाण्याच्या वेलांसाठी काठ्या रोवल्या, पुन्हा उपटल्या आणि पुन्हा रोवल्या. एनिड खिडकीतून बघत राहिली. काय करायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. 'तुला येत नाहीये' असं म्हणायचं नाही. क्लाइव्हला तिनं तसं म्हटलं नव्हतं. तिनं त्याला फक्त आपल्या शेजारी बसवलं होतं आणि म्हटलं होतं, मला आज चष्मा सापडत नाहीये, तू आणि मी मिळून वाचू या का?

रविवारी जेवण झालं, भाजलेल्या बटाट्यांचं ताट धुऊन झालं, तेव्हा ती पेपर आणि पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसली.

"शिकव मला."

"काय?"

"हे. वाकडं विचारलेलं."

ऑब्रीनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं मोटारसायकल मागितली होती. "आत्ता? इतक्या वर्षांनी?"

"विचार करत होते."

"फारच सावकाश विचार केलास."

"तुझ्या टेबलावर सावकाश माणसाला मान असतो म्हणे."

तो हसला. मग हसू मावळलं आणि त्यानं पेपर हातात घेतला. थोडा वेळ तो नुसता घेऊनच बसला. मग त्यानं खुर्ची तिच्या बाजूला सरकवली आणि पहिली ओळ वाचली.

"'मगर चवताळली, हात लावू नका, चटका बसेल. तीन अक्षरं.' काय दिसतं तुला?"

"मगर. नदीकाठ. कुणाचा तरी पाय."

"तेच तर त्याला हवंय. वाक्य खोटं बोलतं, एनिड. शब्द खरं बोलतात. म्हणून आधी वाक्य मोडायचं." त्यानं आपलं जाड बोट ओळीच्या अर्ध्या भागावर ठेवलं. "हे झाक. उत्तराचा सरळ अर्थ नेहमी एका टोकाला असतो. सुरुवातीला नाहीतर शेवटी. मध्ये कधीच नाही. टोक सापडलं की अर्धी लढाई झाली. इथे कुठलं टोक?"

"चटका बसेल ते?"

"शाबास. चटका बसेल असं काहीतरी. आता बोट इकडे." बोट सरकलं. "'मगर चवताळली'. चवताळलेला प्राणी काय करतो? स्वस्थ बसत नाही. म्हणजे त्याची अक्षरंही स्वस्थ बसणार नाहीत. जागा बदलणार."

एनिडला वाटलं, हा माणूस दातांऐवजी शाळेत असता तर चाललं असतं. त्याचा आवाज जुना झाला होता, म्हणजे पूर्वीसारखा. प्रत्येक पायरी त्याला ठाऊक होती. पायऱ्या कुठेही गेल्या नव्हत्या.

"तर अक्षरं आहेत म, ग, र," तो म्हणाला. "ती फिरवली की..."

आणि तो थांबला.

त्याचे ओठ हलले. म. ग. र. बोट ओळीवरून पुढे गेलं, मागे आलं. एनिडला उत्तर दिसलं होतं. ते इतकं स्वच्छ दिसलं की तिला आपलीच भीती वाटली. पण समोरच्याच्या ओठांवर शब्द जुळत असताना आपण तो म्हणून टाकायचा नसतो, हे ती शिक्षिका म्हणून सगळ्यांत आधी शिकली होती, आणि सगळ्यांत कठीण तेच गेलं होतं.

तिनं पेपरचा कोपरा फाडला, त्याचे तीन तुकडे केले आणि एकेकावर एकेक अक्षर लिहिलं. "मला बाई अक्षरं सुटी लागतात," ती म्हणाली. "सवय."

तुकडे तिनं टेबलावर ठेवले. ऑब्री त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं 'म' उचलून शेवटी ठेवला. 'ग' होता तिथेच राहिला, 'र' होता तिथेच.

"गरम," तो म्हणाला. आणि एकदम, लहान मुलासारखा, "गरम! चटका बसेल. गरम!"

"गरम," एनिड म्हणाली.

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं, बंद पडलं. ऑब्री तुकडे एकावर एक रचत होता.

"तुला कळलंय," तो म्हणाला.

"हो."

"बिशपच्या छत्रीमुळे."

"त्याच्या जरासं आधी. तुझ्या कानामुळे."

कानामुळे कसं, हे त्यानं विचारलं नाही. "हिवाळ्यात सुरू झालं," तो म्हणाला. "एखादा शब्द निसटायचा. मी चकती उलटायचो, म्हणायचो, येईल मागाहून. यायचाही. मग येईनासा झाला. तोवर चकतीची सवय लागली होती. सोपं होतं गं. पहिल्याला कुणी काही विचारतच नाही." त्यानं शेवटचा तुकडा वर ठेवला. "लोक म्हणतात, जिभेच्या टोकावर आहे. मी जन्मभर लोकांच्या जिभा बघितल्या. टोकावर काही नसतं."

एनिड हसली आणि तिचे डोळे भरून आले. दोन्ही एकदमच झालं.

"डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणाली.

"जाऊ या. तो म्हणेल ते ऐकेन. गोळ्या घेईन. त्याचं एवढं नाही." त्यानं खिडकीकडे पाहिलं. "पण ते टेबल, एनिड. तिथे मला कुणी तब्येत विचारत नाही. एकदा कळलं ना, की नॉरिस माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागेल, बहिऱ्याशी बोलतात तसा. आणि ग्लेनिस सोपं सोपं शोधून देईल मला. प्रेमानं देईल. ते मला नाही सोसणार. मग टेबल राहील, पण माझी जागा राहणार नाही."

"मग गुरुवारी नको जाऊस."

"तू सांगतेस नको जाऊ म्हणून?"

"मी काहीच सांगत नाहीये. चकती तुझी आहे."

सोमवारी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नाव, महिना, गाव विचारलं, पुढच्या तपासण्यांची तारीख दिली. घरी येताना ऑब्री गाडीत म्हणाला, "बरा आहे मुलगा. पण त्याची अक्कलदाढ वाकडी आहे." एवढंच. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारचं नाव कुणी काढलं नाही. गुरुवारी सकाळी एनिड सूप करायला घेत होती, तेव्हा तो कोट आणि टाय घालून खाली आला.

"घसा कसा आहे?" तिनं विचारलं.

"बोलता येईल एवढा आहे," तो म्हणाला.

नॉरिस आधीच येऊन बसला होता. शेजारी दोन वेण्या घातलेली, नऊ-दहा वर्षांची टॅम्सिन होती. तिच्यासमोर लिंबाचं सरबत. ऑब्री बसता बसता तिच्याकडे वाकला.

"आ कर बघू."

तिनं केला.

"छान. वरचा डावा जरा गर्दीत आहे, पण भांडणार नाही कुणाशी."

"तुम्हीच का ते?" टॅम्सिन म्हणाली. "आजोबा म्हणतात, तुम्ही चुकलेलं कोडंपण सोडवता."

नॉरिसनं ग्लास उचलला. "सांगून टाक रे ऑब्री! आठवडाभर पोटात दुखतंय माझ्या. बिशप कुठला आणि नाच कुठला?"

 ग्लेनिस पेपर सरळ करत बसली होती.

ऑब्रीनं आपली चकती हातात घेतली. तिच्यावर मेंढीचं चित्र होतं. त्यानं ती एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिली.

"नॉरिस, ते मला सुटलं नव्हतं."

"कसं सुटणार? छापलंच होतं..."

"त्याच्या आधीची पण सुटली नव्हती. बऱ्याच गुरुवारची. मी नुसती चकती उलटत होतो. मला आता शब्द सापडत नाहीत, नॉरिस. सापडतात कधीतरी, पण फार उशिरा."

काउंटरवर कुणीतरी ग्लास पुसत होतं, त्याचा चुईंचुई आवाज ऐकू येत होता. एनिडच्या सुया थांबल्या. नॉरिसचा ग्लास अजून हवेतच होता.

"मला वाटलं होतं, बाळा," ग्लेनिस हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"आपल्याकडे शेवटच्यानं बोलायचं असतं ना." तिनं पेपरवरची नसलेली धूळ झटकली. "मी तुझी वाट बघत होते."

ऑब्रीनं मान खाली घातली.

नॉरिसनं ग्लास खाली ठेवला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. काहीतरी त्याच्या डोक्यात सावकाश फिरत होतं, आणि टेबलावरचे सगळे सवयीनं त्याच्यासाठी थांबले.

"म्हणजे," तो म्हणाला, "इतके दिवस शेवटचा मी नव्हतोच?"

"नव्हतास."

"मी दुसरा होतो?"

"मध्ये एकदा पहिलासुद्धा होतास," ग्लेनिस म्हणाली. "मलाही तोवर जमलं नव्हतं, आणि तू चकती उलटून खारे दाणे आणायला गेलास."

नॉरिसच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, अगदी कानापर्यंत. मग आपण कशावर हसतोय ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते घाईघाईनं गिळलं. तो ऑब्रीकडे वळला आणि छातीत हवा भरून ओरडला, "ऑब्री! पाय! खाणार! का!"

पलीकडच्या टेबलावरच्या कुत्र्यानं डोकं वर केलं. ऑब्रीनं एनिडकडे पाहिलं, एनिडनं ऑब्रीकडे.

"नॉरिस," ग्लेनिस म्हणाली, "त्याचे कान शाबूत आहेत. माझे जातील आता."

ऑब्री आधी खांद्यातून हसू लागला, मग तोंडानं. नॉरिस लाल झाला, पण तोही हसला.

मग पेपर उघडला. ग्लेनिसचं बोट ओळींवरून खाली खाली जात होतं. "आज ही घेऊ या सुरुवातीला," ती गोड आवाजात म्हणाली, "ही जरा सोपी..."

ऑब्रीचं हसू थांबलं. एनिडनं ते पाहिलं. त्याला भीती होती ती हीच. रागावता येणार नाही अशा प्रेमाची.

"सोपी?" नॉरिस म्हणाला. त्यानं पेपर तिच्या हातून ओढून घेतला. "सोपी कशाला? माझ्यासाठी घेतलीत का कधी सोपी? गेली तीस वर्षं? पहिली आडवी घ्यायची. जी असेल ती." आणि त्यानं नेहमीच्या इंजिनाच्या आवाजात वाचलं, "'शिक्षक आणि मोटार एकत्र आले की देश चालतो. चार अक्षरं.'"



ग्लेनिसची चकती उलटली. नॉरिसनं छताकडे पाहिलं, मिशी ओढली, ओठांतल्या ओठांत साळिंदराच्या आईवडिलांची चौकशी केली, आणि त्याची चकती उलटली. टॅम्सिन त्याच्या कानाशी गेली. तिनं काहीतरी सांगितलं, आणि त्याचे डोळे विस्फारले. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं एक चकती तिच्यापुढे ठेवली.

"बोलायचं नाही. उलटी कर आणि सरबत पी."

तिनं ती उलटी केली.

एनिडनं विणायला घेतलं होतं, पण तिचं बोट आपोआप लोकरीच्या एका टोकावर जाऊन बसलं होतं. हे झाक. टोकाला काय उरतं? देश चालतो. देश कोण चालवतं? आता बोट तिकडे. तिच्या वर्गात तिला 'मिस' म्हणायचे, पण वरच्या वर्गातल्या मास्तरांना मुलं काय हाक मारायची? सर. आणि मोटार म्हणजे कार. सुया थांबल्या. सरकार! आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर आलं होतं, आणि ते ऑब्रीच्या आधी आलं होतं. आनंद व्हावा की काय व्हावं, हे तिला कळेना.

नॉरिस तिच्याकडे बघत होता. काही न बोलता त्यानं आणखी एक चकती टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

एनिडनं ती उलटी केली.

आता मेंढीचं तोंड वर असलेली एकच चकती राहिली होती.

पाय आला. त्याला कुणी हात लावला नाही. मालकीणबाई रिकामे ग्लास उचलायला आल्या. "आज अडलंय वाटतं तुमचं?"

"चाललंय की," नॉरिस म्हणाला.

ऑब्रीनं बोट ओळीवर ठेवलं. अर्धी ओळ झाकली. मग दुसरी अर्धी झाकली. त्याचे ओठ हलत होते आणि थांबत होते. बशीतला रस्सा गार होऊन त्यावर साय धरली. ग्लेनिस चष्मा पुसत बसली, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसू लागली. कुणी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हतं.

"आजोबा," टॅम्सिन कुजबुजली, "किती वेळ थांबायचं?"

"मी नवा होतो तेव्हा एकदा ही दोघं माझ्यासाठी पाऊस थांबेपर्यंत थांबली होती."

"मग?"

"मग काय? इथला पाऊस तुला माहीत नाही का?"

खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवरून सरकून एनिडच्या लोकरीवर आलं. तिनं एक ओळ विणली, उलटून दुसरी विणायला घेतली. जर नाहीच आलं तर? तर संध्याकाळपर्यंत बसू, तिनं मनाशी म्हटलं. सूप उद्याही करता येईल.

तिनं वर पाहिलं नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ऑब्रीचा डावा हात वर गेला होता. तो कानाच्या पाळीपाशी थांबला. आणि त्यानं ती खाजवली.

"हुं," तो नाकातून म्हणाला.

मेंढी पालथी झाली.

"बोल," नॉरिस म्हणाला. त्यानं आपली पाठ खुर्चीला टेकवली आणि हातांची घडी घातली. ऐकायची तयारी अशीच करायची असते, हे ऑब्रीकडूनच तो शिकला होता. "शेवटचा तू आहेस. बोल आता."

ऑब्रीनं चष्मा वर सरकवला. पेपर उचलून त्यानं टॅम्सिनसमोर ठेवला आणि तिचं छोटं बोट धरून ओळीच्या मधोमध टेकवलं.

"आधी मला सांग," तो म्हणाला, "यातला कुठला तुकडा झाकायचा?"

टॅम्सिननं एकदा आजोबांकडे पाहिलं. मग, जणू तिला काहीच माहीत नाही अशा थाटात, ती ओळीवर वाकली.